वरातीच्या घोडीवर घेतलेली चाचणी

मुलांनो, तुमची ताई आपला घोडा घरीच ठेवून माझ्याकडे मानवतला आली तेव्हा तिने घोडेस्वारीचं हवेचं जाकीट आणलं होतं. स्वार पडला की खोगिराला बांधलेली दोरी ताणली जाते आणि जाकीट फुगतं. ते वेळेवर फुगतं का, हे मला पाहायचं होतं. शेजाऱ्यांच्या वरातीच्या घोडीवर आम्ही ज्वारीचं अर्धं पोतं जाकीट घालून बसवलं आणि ढकललं. मोठा बार होऊन जाकीट फुगलं. घोडी जागची हलली नाही. मी वहीत ‘पास’ लिहिलं.

घोडीवाले हसले. “बाई, ही तर लग्नसराईभर फटाकेच ऐकायलीय. पोरीच्या घोड्यानं ऐकलेत का कधी?”

मी ‘पास’ खोडलं. परत गेल्यावर ताईने आधी आपल्या घोड्याला तो आवाज ऐकवला. तो उधळला. सवय होईपर्यंत ती त्याच्यावर बसली नाही.