भासऱ्यांनी मोजलेलं विमान

नवरा धडधाकट असताना मला विधवा करायला निघालेला माणूस जगात एकच झाला, तो म्हणजे माझा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. वरवट बकाल गावातल्या आमच्या ओट्यावर ते पटका काढून बसले होते. जावेनं माझं मनगट धरलं होतं आणि शेजारीण बांगड्या फोडायला वरवंटा घेऊन आली होती. "इमान पडलं वं माय," भासरे सारखे म्हणत होते. "समुद्रात पडलं."

कोणी सांगितलं? कोणीच नाही. त्यांनी हिशेब केला होता.

या माणसाला दुसरा धंदा नव्हता. त्यांची बैलांची दमणी, म्हणजे माणसं नेणारी हलकी गाडी. गावच्या लेकीबाळी शेगावला आगगाडीवर पोचवायचे. कुठलंही गाव किती लांब, ते बैल किती वेळा सोडावे लागतील त्यावर सांगायचे. काशी विचारा, दिल्ली विचारा, उत्तर तयार. लग्नाचे वऱ्हाडी घाई करू लागले तर मुद्दाम बैल सोडून झाडाखाली तंबाखू मळत बसायचे. माझा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. त्याला बहरीनला काम लागलं, मुंबईहून विमानानं जायचं ठरलं, तेव्हा भासऱ्यांनी शाळेतून नकाशा आणला आणि मुंबईपासून बहरीनपर्यंत दोरा ताणला. गुरुजी म्हणाले, सकाळी बसला की दुपारी उतरेल.

"तुमी गेल्ते काय इमानात, गुरुजी?" भासरे म्हणाले. "इंजिन झालं तरी दमतेच. त्याले थांबून पाणी पाजा लागते. तीन दिवस धरा. अन् समुद्रावर सावली नाही, चवथाही लागीन."

नवऱ्याचं विमान सुटलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सोनाळ्याच्या बाजारात पोस्टमननं भासऱ्यांना लांबून हाक मारली, "दमणीवाले, भावाची तार आली!" झालं. आमच्याकडे तार येते ती कोणी गेल्याचीच. चार दिवसांची वाट, आणि दुसऱ्या दिवशी तार? म्हणजे विमान वाटेतच गेलं. पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बैल पळवत आणले.

भासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, अशी आमची रीत. मी मनगट सोडवून घेतलं, पदर घसरला तो घसरू दिला.

"तार वाचून घेतली काय तुमी?"

"तारेत काय वाचा लागते, बाई?"

"मंग माह्या बांगड्याले हात लावू नका! तुमच्या बैलाच्या हिशेबानं मी कुकू पुसत नाही!"

जाऊ ओरडली, "तोंड पाह्य हिचं!" शेजारीण वरवंटा उचलूनच उभी. तेवढ्यात पोस्टमन सायकल ढकलत आला, घामानं निथळलेला. "अहो, ऐकून तर घ्या! सुखरूप पोचलो, असं लिहिलंय!"

मी भासऱ्यांना आणखी चार शब्द सुनावणार होते. पण त्यांनी पटक्यात तोंड खुपसलं होतं आणि त्यांची पाठ हलत होती. मग पटक्यानं डोळे पुसून म्हणाले, "येवढ्या लवकर? पोराले कुठी दमच घेऊ देल्ला नसन."

आता भासरे नाहीत. नवऱ्याला हे सगळं नंतर सांगितलं, तर तो पोट धरून हसला. त्याचं काय! तो त्या दुपारी बहरीनला जेवून झोपला होता. त्याचं मरण भोगलं ते मी आणि भासऱ्यांनी.