शटरचं बटण कुणी दाबलं?

शिरूर पोलीस ठाण्यात असतानाची ती केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. खून, दरोडे पुष्कळ पाहिले आणि त्यातले निम्मे आता विसरलोही. ही मात्र एका लोखंडी शटरची गोष्ट आहे. मोटारीवर चालणारं शटर एखाद्या घराला दिसलं की आजही माझे पाय थांबतात.

दवाखान्यातून वर्दी आली ती दुपारनंतर. कोरेगाव भीमाच्या बाजूचं गाव, बंगल्यातल्या गाडीच्या खोलीचं शटर अंगावर येऊन पाच वर्षांची मुलगी चिरडली. बरगड्या आणि मांडीचं हाड मोडलं होतं. तिला पुण्याला हलवलं, पण डॉक्टर खात्री देत नव्हते. कुटुंब झेंडू-शेवंती पिकवणारं. सासरे, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, दोन मुलं, दोन सुना आणि ही एकुलती नात, थोरल्या सुनेची मुलगी. बंगला नवा, पिकअप गाडीसाठी खाली ऐसपैस खोली आणि तिला मोटारीचं शटर. त्या शटरचं आप्पांना भारी कौतुक होतं.

हवालदाराने घटनास्थळाचा पंचनामा केला. अपघातच दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणे अंमलदाराकडे निनावी फोन आला. पुरुषाचा आवाज होता. "त्यो अपघात न्हाई. धाकट्या सुनंनं बटण दाबलंय. तिला पोर न्हाई, जावंचं पोर डोळ्यात खुपतं तिच्या." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

निनावी फोनमागे बहुतेक वेळा बांधाचं भांडण असतं, त्यामुळे मी लगेच हुरळून जात नाही. पण संध्याकाळी आप्पा स्वतःच चार माणसं घेऊन ठाण्यात हजर झाले.

"साहेब, सुनंवर गुन्हा घ्या. शटर काय आपलं आपण खाली आलं का? तिथं तिच्याबिगर कुणी न्हवतं."

"तुम्ही पाहिलंत का, आप्पा?"

"मी मार्केटला गेलो हुतो. पर गावच बोलतंय की."

गाव बोलतंय म्हणून मी कुणाला आरोपी करत नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. सोबतची माणसं चिडली. एकाने वरपर्यंत ओळख असल्याचं ऐकवलं. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. आधी नाव ठरवायचं आणि मग त्याला बसेल असा पुरावा शोधायचा, हे मला आयुष्यात जमलं नाही. तपासात जे निघेल तेच कागदावर येईल, हे मी त्या रात्री पक्कं ठरवून टाकलं.

धाकट्या सुनेला तोवर माहेरी धाडून दिलं होतं, दौंडला. तिचे वडील रेल्वेत नोकरीला, राहायला रेल्वे कॉलनीत. बाईचा जबाब तिच्या राहत्या जागीच घ्यायचा असतो, म्हणून महिला शिपाई बरोबर घेऊन मी दौंडला गेलो. बाई समोर येऊन बसली. दोन्ही तळहातांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. विचारलं तेव्हा कळलं, मोटर चालू असताना तिने हातांनी शटर वर उचलून धरायचा प्रयत्न केला होता, आणि शेजारी येऊन मेन स्विच पाडेपर्यंत सोडलं नव्हतं.

"ताई, काय झालं ते पहिल्यापासून सांगा."

"दुपारची लाईट न्हवती, साहेब. शटर निम्म्यात अडकून ऱ्हायलं व्हतं. पोरगी त्याच्याखाली सावलीला बाहुली घिऊन बसली. मी ओट्यावर फुलं निवडत व्हते. एकदम घरघर आवाज झाला. पळत गेले, तवर..."

"बटण कुणी दाबलं?"

"कुणीच न्हाई."

"मग शटर खाली कसं आलं?"

"त्येच तर मी सगळ्यास्नी इचारतीय. मला कुणी सांगंना."

मी प्रश्न तीन वेळा फिरवून विचारले, उत्तर बदललं नाही. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस सगळ्याची कारणं तयार ठेवून येतो. शटर बिघडलं होतं, पोरानेच बटण दाबलं असेल, असं काहीतरी तो नक्की सांगतो. हिच्याकडे सांगायला कारणच नव्हतं. निघताना तिने एवढंच विचारलं, की पोरगी पाणी प्यायली का. ही बाई निर्दोष आहे याबद्दल मला शंका उरली नाही. पण साहेबाला वाटतं हा काही पुरावा होत नाही.

पुरवणी जबाबासाठी मी आप्पांच्या मळ्यात गेलो. तेव्हाही वीज गेलेली होती. विहिरीच्या कडेला बाज टाकून आम्ही बसलो.

"त्या दिवशी शटर निम्म्यावर कुणी सोडलं?"

"मीच. पिकअप भाईर काढली, बटण टाकलं, शटर खाली याया लागलं आन् लाईट गेली. मार्केटला उशीर व्हत हुता, गेलो निघून."

मी लिहीत होतो, तेवढ्यात विहिरीवरची मोटर सुरू झाली. तिच्याजवळ चिटपाखरू नव्हतं. माझं पेन थांबलं.

"आप्पा, मोटर कुणी चालू केली?"

"कुणी कशाला करायला पायजे? आटोवर टाकलीय. लाईट आली की आपली आपण सुरू व्हती."

अगदी सहज बोलले ते. या भागात वीज कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून शेतकरी पंपाला ही सोय करून ठेवतात. मी आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आपण काय बोललो हे त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं. पंप बसवणाऱ्या वायरमनचं नाव तेवढं विचारून घेतलं. शटरची वायरिंगही त्यानेच केली होती.

वायरमनने ठाण्यात आधी कानावर हात ठेवले. "मी फकस्त वायर जोडली, साहेब." मी त्याला घाई केली नाही. एकेक वायर कुठून कुठे जाते ते कागदावर काढून दाखव म्हटलं. चित्र अर्धं झालं आणि तो आपणहून सगळं सांगू लागला.

कंपनीचं बटण दाबून धरावं लागायचं, हात काढला की शटर थांबायचं. खाली दोन्ही बाजूंना सेन्सरचा एकेक डोळा होता, मध्ये काही आलं तर शटर अडवणारा.

"आप्पा म्हणलं, बटण धरून कोण हुबं ऱ्हाईल? घरातल्या लाईटीचं बटण बसव, एकदा टाकलं की सुटलं. आन् त्या डोळ्यावर सारखी धूळ बसायची, कोंबड्या आडव्या यायच्या, शटर अडायचं. म्हणून त्यो काढून डायरेक्ट केलं."

टाकलेलं बटण वीज गेली तरी तसंच राहायचं, त्यामुळे वीज आली की शटर आपसूक बंद व्हायचं, हे त्या घरात आधीही घडलं होतं. दुसऱ्या कुणीतरी बंद केलं असेल, असं प्रत्येकाला वाटायचं.

मी पंचांना घेऊन बंगल्यावर गेलो. आप्पा, धाकटा मुलगा, आणि तक्रार घेऊन आलेली ती चार माणसंही बोलावली. सगळ्यांना फाटकाबाहेर उभं केलं. बटण टाकलं, शटर निम्म्यावर आलं तसा हवालदाराने मेन स्विच पाडला. शटरखाली एक मोठा लाल भोपळा ठेवला. मग मीही बटणापासून दूर झालो आणि हवालदाराला खूण केली. त्याने मेन स्विच चढवला.

शटर खाली आलं. भोपळ्याला टेकलं तरी थांबलं नाही. भोपळा फुटला आणि शटर जमिनीला जाऊन भिडलं.

चौघांपैकी दोघं गाडीला किक मारून निघून गेले. आप्पा होते तिथेच खाली बसले. म्हणाले, "लिहा, साहेब. बटण मी टाकलं हुतं. आन् बदलून बी मीच घेतलं." मी लिहिलं. हयगयीचा गुन्हा त्यांच्यावर आणि वायरमनवर दाखल झाला. नातीच्या आजोबावर गुन्हा दाखल करताना मला वाईट वाटलं, पण हात आखडता घेतला नाही.

मुलगी वाचली. तिला घरी सोडण्याच्या आधी आप्पा सुनेला आणायला स्वतः दौंडला गेले, मला मुद्दाम बरोबर घेऊन. सगळ्यांसमोर त्यांनी तिला हात जोडले. ती उठून उभी राहिली.

"हात नका जोडू, आप्पा. आदी ते शटर काढा. पोरगी घरी यायच्या आत काढा. मग मी येती."

शटर निघालं. तिथे हाताने लोटायचं साधं दोन फळ्यांचं दार बसलं, आणि सून नांदायला परत आली.

निवृत्तीनंतर मी कुणाकडे गेलो आणि घराला असं शटर दिसलं, की त्याखाली एखादं खोकं ठेवून चालवून दाखवायला सांगतो. वीज घालवून पुन्हा आणायलाही लावतो. बायको वैतागते, लोक हसतात. हसू देत. खोक्यावर शटर थांबलं नाही, तर वायरमन येईपर्यंत त्याचा स्विच पाडून ठेवायला लावतो आणि मगच चहा घेतो. घरात लहान मूल असेल, तर चहाही घेत नाही.

पोलिसाला पहिला प्रश्न सुचतो तो 'कुणी केलं' हाच. त्या घरानेही तोच प्रश्न विचारला, आणि ज्या बाईने हात सोलून निघेपर्यंत शटर धरून ठेवलं, तिलाच घराबाहेर काढलं. 'कसं झालं' हे विचारणारी ती एकटी होती, आणि तिला कुणी उत्तर देत नव्हतं.