वहीतलं 'ठीक'

माझा मित्र कॅप्टन झाला आणि मी को-पायलटच राहिलो, हे मी त्याला मनातून कधीच माफ केलं नाही. पेढे खाल्ले, पाठीवर थाप मारली, "पार्टी कधी?" विचारलं आणि घरी येऊन बायकोवर उगाच डाफरलो. तो अंधेरीच्या गावठाणातला, मी बोरिवलीचा, गिरणी सुटलेल्या बापाचा मुलगा. एकाच फ्लाइंग क्लबात शिकलो. त्याच्याकडे माझ्याहून जास्त काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त जळायचो.

मागच्या वर्षी उतरताना त्याच्या विमानाची शेपटी धावपट्टीला घासली. कोणाला खरचटलंही नाही. बातमी ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी दुपारी सीताफळं घेऊन त्याच्याकडे गेलो, आजाऱ्याला बघायला जावं तसा.

तो जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. झालेलं सगळं त्याने मला शांतपणे सांगितलं. प्रवासी सुखरूप उतरवले, कंपनीला लगेच कळवलं, दारू प्यायलेला नाही याची तपासणी दिली. कॉकपिटमधलं बोलणं टिपणाऱ्या यंत्राची वीजही आठवणीने बंद करायला लावली. ती चालू राहिली तर जुन्या बोलण्यावर नवं टिपलं जातं आणि चौकशीला हाती काही लागत नाही. त्या गडबडीत भल्याभल्यांना हे सुचत नाही. मला सुचलं असतं का, कोण जाणे. मग कोणाशीही चर्चा करायच्या आधी त्याने आठवेल तसं कागदावर उतरवून ठेवलं होतं. चौकशी संपेपर्यंत त्याचं उड्डाण बंद होतं आणि कॅप्टनपद राहील की जाईल, काही सांगता येत नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत रिपोर्ट पाठवायचाय," तो म्हणाला. "काही राहिलंय का, बघ ना."

मी वाचलं. वाऱ्याचा झोत आला होता, तेही त्याने लिहिलं होतं. पण खाली एक वाक्य होतं : उतरताना विमानाचं नाक मी गरजेपेक्षा जास्त वर उचललं, चूक माझी.

"हे काढ रे," मी म्हणालो. "वारा होता ना? मग बस झालं. स्वतःहून कशाला वाट लावून घेतोस?"

ऐकायला सल्ला मित्राचाच होता. पण ते वाक्य गेलं असतं तर आम्ही दोघं सारखे झालो असतो, आणि मला तेच हवं होतं.

क्लबात एकदा मी शिकाऊ विमान फार जोरात आदळवलं होतं. उतरल्यावर विमानाला काही झालं असेल तर ते वहीत लिहायची पद्धत होती. लिहिलं असतं तर विमान तपासणीला गेलं असतं आणि परीक्षेच्या तोंडावर माझं उडणं थांबलं असतं. मी 'ठीक' असं लिहून सही केली. पुढची पाळी त्याची होती. "झकास आहे, आत्ताच उतरवलंय," मी म्हणालो आणि माझ्या शब्दावर त्याने चाकाकडे नीट पाहिलंच नाही. उतरल्यावर त्याला चाकाचा दांडा वाकलेला दिसला. त्याने तसं वहीत लिहिलं. शिक्षकांनी ते त्याचंच काम धरलं आणि त्याला महिनाभर बसवून ठेवलं. मी परीक्षा पास झालो.

त्याची आई कॉफी घेऊन आली. "तुझ्याकडून कधी असं झालंय का रे?" तिने मला विचारलं.

"नाही, आंटी."

त्याने मान वर केली. आई आत जाईपर्यंत तो थांबला.

"मी त्या दिवशी अगदी हलकं उतरवलं होतं," तो म्हणाला. "तो दांडा मी नव्हता वाकवला."

मी कप खाली ठेवला. "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"मला दिसलं ते मी लिहिलं. बाकीचं तू लिहायचं होतंस. महिनाभर वाट बघितली रे तुझी."

मग तो लॅपटॉपकडे वळला आणि रिपोर्ट होता तसा पाठवून दिला.

रिक्षात बसल्यावर मला संताप आला, आणि तो त्याचाच आला. तीस दिवस गप्प बसून वाट बघण्यातही तो माझ्या पुढेच होता. सहा महिन्यांनी, पुन्हा प्रशिक्षण घेऊन, तो परत कॅप्टन म्हणून उडायला लागला. मी फोन केला नाही.

ती वही आता कुठे असेल, ठाऊक नाही. म्हणून इथे लिहितो : विमान ठीक नव्हतं. ते मी आदळवलं होतं, आणि मला माहीत असताना त्याला त्यात बसू दिलं.