लीड्सच्या काकांचा हिरवा उजेड

यॉर्कशरमधल्या निम्म्या लोकांना माझ्या लीड्सच्या काकांनी कधी ना कधी झोपवलेले आहे. उरलेले निम्मे त्यांच्याशी फोनवर बोलता बोलता आपण होऊन झोपले असावेत. ते माझ्या वडिलांचे मावसभाऊ, आणि लीड्सच्या एका मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झालेले भूलतज्ज्ञ. मी पीएचडीसाठी पुण्याहून आले तेव्हा ते स्टेशनवर न्यायला आले होते. प्रवास कसा झाला हे विचारण्याऐवजी त्यांनी माझी हनुवटी आणि मान बारकाईने न्याहाळली आणि समाधानाने म्हणाले, "छान. भूल देताना तुझ्या घशात ट्यूब घालायला काही प्रॉब्लेम येणार नाही." मनुष्यजातीची वर्गवारी ते याच एका निकषावर करतात. पुढे मी एका मित्राला त्यांच्याकडे जेवायला नेले. तो गेल्यावर मी अभिप्राय विचारला, तर म्हणाले, "मुलगा चांगला आहे गं, पण मान आखूड. ऑपरेशन थिएटरमध्ये घाम फोडेल." त्या मित्राशी माझे पुढे जमले नाही, कार्यकारणसंबंध मात्र मी सिद्ध करू शकत नाही.

पुराव्याशिवाय डोकेदुखीची गोळीही न देणारे हे गृहस्थ घरात तिथी पाहिल्याशिवाय हलत नाहीत. अमावास्येला त्यांनी कधी विमान पकडले नाही, गाडी घेतली नाही. नवा टूथब्रशसुद्धा त्या दिवशी पाकिटातच राहतो. याउलट जे जे शुभ ते पौर्णिमेला. कोजागिरीला ते मागच्या अंगणात खुर्च्या मांडतात, केशर-वेलदोड्याचे दूध स्वतः आटवतात आणि दरवर्षी न चुकता आभाळ भरून येते. काका डगमगत नाहीत. मोबाइलमध्ये चंद्राची जागा शोधून, शेजाऱ्यांच्या धुराड्याच्या थोडे वर, ढगांच्या दिशेने पेला धरतात. काकू छत्रीखालून म्हणतात, "त्या ढगालाच नैवेद्य दाखवा. तोच बिचारा दरवर्षी नेमाने येतो."

काकूंच्या या टोमण्यांना इतिहास आहे. लग्न ठरताना त्या परदेशी यायला तयार नव्हत्या. सांगलीच्या त्यांच्या माहेरी, दिवाणखान्यात, सर्वांसमक्ष काकांनी त्यांना सांगितले की तिकडे उत्तरेला रात्री आभाळात हिरवा उजेड नाचतो, आणि तो आपण दोघे मिळून पाहू. काकू त्या उजेडावर विश्वासून आल्या आणि लीड्सच्या पावसात उतरल्या. तेव्हापासून आभाळ भरून आले की एकच प्रश्न: "अहो, कुठंय तुमचा हिरवा उजेड?" नोकरी, मुलांच्या शाळा, रात्रपाळ्या यांत तो राहूनच गेला. काका हसून वेळ मारून नेत; पण गेल्या वर्षी काकूंच्या गुडघ्यांनी जिना चढायला नकार दिला, तेव्हापासून त्यांचे ते हसणे बंद झाले. त्यांनी तडकाफडकी आर्क्टिकची हिवाळी क्रूझ ठरवली आणि मलाही सोबत घेतले, कारण माझे संशोधन वातावरणाच्या वरच्या थरांवर आहे. "सर्जन आपला असलेला बरा," असे त्यांचे म्हणणे.

त्या सर्जनचा सल्ला मात्र कुणी घेतला नाही. तारखा पाहून मी हादरले. काकांनी नेमकी माघी पौर्णिमा साधली होती.

"काका, पूर्ण चंद्राच्या उजेडात ध्रुवप्रकाश फिका पडतो. अमावास्येच्या आसपास जायला हवं."

"अमावास्येला? इतक्या वर्षांनी काकूला बाहेर काढतोय आणि अमावास्येला?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मी भूल न देता पोट उघडा म्हणाले होते.

उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्याने आमचे जहाज वर सरकत राहिले. पहिले काही दिवस ढगांनी लीड्सपासूनची आमची साथ सोडली नाही. काका मात्र दुपारपासूनच पाच थरांचे कपडे चढवून डेकवर उभे असत. शेजारच्या केबिनमधल्या ब्रॅडफर्डच्या आजीबाईंना त्यांनी या प्रकाशाबद्दल इतक्या हळुवारपणे समजावले, की त्या डेकवरच्या खुर्चीत, उणे तापमानात, गाढ झोपल्या. अखेर एका संध्याकाळी, जेवणाआधी, आभाळ लख्ख उघडले. चंद्र असा तळपत होता की बर्फाच्या डोंगरांची सावली पाण्यात स्पष्ट दिसत होती. त्याच्यापुढे क्षितिजावर एक राखाडी कमान कशीबशी उभी होती.

"हाच," मी म्हणाले.

"हा?" काकू म्हणाल्या. "हा तर बंबाचा धूर."

काकांचे तोंड उतरले. लोक कुरकुरत जेवायला गेले. "तू सांगितलं होतंस," एवढेच ते मला म्हणाले. मग आटवलेल्या केशरी दुधाचा थर्मास काकूंच्या हाती देऊन म्हणाले, "थांबा, कप आणतो. दूध तरी पिऊ."

दार त्यांच्यामागे बंद झाले आणि ती राखाडी कमान मधोमध फाटली. हिरव्या रंगाचा एक पट्टा चंद्राला न जुमानता डोक्यावरून सळसळत गेला, त्याला खालून गुलाबी किनार फुटली, आणि माझे सारे शिक्षण घशात अडकले. काकूंनी माझे मनगट घट्ट धरले होते. मी दाराकडे धावणार तोच सारे विझले. पुन्हा बंबाचा धूर.

काका कप सावरत आले. "काही झालं का गं?"

मी तोंड उघडले. मनगटावरची पकड आणखी घट्ट झाली.

"काय व्हायचंय?" काकू म्हणाल्या. "दूध ओता. आणि तो चंद्र बघा जरा. एका कोजागिरीला दिसला नाही मेला, आज कसा दिसतोय."

नंतर केबिनमध्ये मी त्यांना कारण विचारले. "दोघांनी मिळून बघायचं ठरलं होतं," त्या पायमोजे काढत म्हणाल्या. "मी एकटीनं बघितला, हे त्यांना सोसलं नसतं." माझ्या कारकिर्दीतले सर्वांत सुंदर निरीक्षण मी त्यामुळे कुठेच नोंदवलेले नाही.

परवा काकांचा फोन आला. लीड्सला पाऊस होता. मागून काकूंचा नेहमीचा प्रश्न ऐकू आला. काका आवाज खाली आणून म्हणाले, "ऐक. पुढच्या हिवाळ्यातली सगळ्यात काळोखी तारीख काढून दे मला."

"काका, ती अमावास्या असेल."

पलीकडे काकांनी खोलीचे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"असू दे," ते म्हणाले. "काकूला तिथी सांगू नकोस."