शेंदराखालची नावं

चंपाबाईला भांडखोर म्हणणारे आमच्या गावात पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. वेरूळच्या रस्त्याला आमच्या फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे आणि समोरच कडुलिंबाखाली तो दगड आहे. त्यामुळे जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

दगड गावानंच बसवलेला. सीमेवर एकाच लढाईत गेलेल्या आमच्या दोन पोरांची नावं त्यावर कोरली होती. वर अप्पाराव, केसरबाईचा, पाटील आळीतला. खाली राजकुमार, चंपाबाईचा, बौद्धवाड्यातला.

पुढं केसरबाईनं त्या दगडाला शेंदूर लावला. पोरगं देव झालं, एवढाच तिला आधार होता, तिला कोण बोलणार? पण दगड आणि शेंदूर एकत्र दिसले की आमच्या लोकांना राहवत नाही. फौजेच्या भरतीला निघालेली पोरं नवस बोलू लागली, शनिवारी तेल पडू लागलं. थरावर थर चढून दोन्ही नावं बुजली आणि दगडाचा फौजीबाबा झाला. सरपंच गोकुळनं तर बाबाची जत्राच जाहीर केली.

चंपाबाई आधी नीट बोलली होती. ग्रामसभेत उठून म्हणाली, नावं मोकळी करा. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा पिऊन घरी गेले. असल्या माना डोलावणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे.

जत्रेच्या सकाळी ती खुरपं घेऊन आली, दगडासमोर मांडी घालून बसली आणि शेंदूर खरवडायला लागली. बघता बघता माणसं जमली. आता गावावर कोप होणार, असं जो तो म्हणू लागला. गोकुळ तरातरा पुढं आला.

“मावशी, देवाला खुरपं लावता व्हय?”

“देव मरत नसतो, गोकुळ,” खुरपं न थांबवता ती म्हणाली. “माझं पोरगं मेलंय. तुमच्यासाठी मेलंय. त्याचं नाव बुजवून नवस फेडता?”

तेवढ्यात गर्दीतून केसरबाई पुढं आली. आता ही खुरपं हिसकावणार, असंच मला वाटलं. खाली ‘राजकुमार’ स्वच्छ दिसत होतं, वरचा भाग अजून शेंदरानं लिंपलेला होता. केसरबाई चंपाबाईशेजारी वाकली.

“माझ्या पोराचं वर हाय,” ती म्हणाली. “ते बी काढ.”

मग दोघी मिळून बसल्या. मी दुकानातून रॉकेल आणि चिंध्या नेऊन दिल्या. दुपारपर्यंत दगड पुन्हा काळा दिसू लागला.

नारळ अजून येतात. चंपाबाई झाडाखालीच असते. आधी दोघांची नावं मोठ्यानं वाच, मग फोड, असा तिचा कायदा आहे. शेंदूर आणणाऱ्याला ती सरळ परत पाठवते.

यंदा सव्वीस जानेवारीला एक पुढारी हार घेऊन आले. फोटोवाला तयार उभा होता. तिनं त्यांनाही अडवलं. साहेबांनी नावं तोंडातल्या तोंडात वाचली, तेव्हा तिनं हार बाजूला ठेवायला लावला आणि पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्या वेळी माझ्या दुकानापर्यंत ऐकू आलं.