फाटकाचं कुलूप
ओल्या रंगाचा वास आला की जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधल्या घरातलं आमचं पहिलं वर्ष आठवतं. रस्त्यावर यायला एकच वाट, पुढच्या शेजाऱ्यांच्या अंगणातून. तिथून जाण्या-येण्याचा हक्क घराच्या खरेदीच्या कागदात लिहिलेला होता. तरी त्यांनी नवं फाटक रंगवून त्याला कुलूप लावलं. "बेल वाजवा, उघडतो," म्हणाले. एकदा भाजीच्या पिशव्या घेऊन मी अर्धा तास बेल वाजवत पावसात उभी राहिले. नवरा म्हणाला, "जाऊ दे, आपल्याला इथंच राहायचंय." "म्हणूनच कोर्टात जायचं," मी म्हटलं. न्यायाधीशबाई स्वतः जागा पाहायला आल्या. आमच्या वकिलांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं, पण मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोललेच, "स्वतःच्या घरी जायला मी परवानगी मागणार नाही." निकाल आमच्या बाजूनं लागला. शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. मी मात्र अजूनही त्यांच्या अंगणातून मुद्दाम सावकाश चालते.