लफेव्र म्हणजे लोहारच

मी फ्रान्सला निघालो त्या दिवशी अण्णा निपाणीच्या स्टँडवर थेट भट्टीवरून आले होते. कोल्हापूरच्या गाडीला अजून अवकाश होता. बेळगावच्या कॉलेजातले माझे दोन मित्र निरोप द्यायला इस्त्रीच्या शर्टात आले होते, म्हणून माझे वडील त्यांच्यापासून चार हात लांब, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभे राहिले. मी जवळ बोलावलं तर म्हणाले, "हात धुवाय येळ गावला न्हाय रं. फाळ घिऊन लोक बसल्यात." तेवढ्यात आमच्या गावातला एक बागायतदार एसटीतून उतरला. वयाने तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठा असेल. अण्णांकडे बघून तो म्हणाला, "काय लोहारा, पोरगं कुठं निघालं?" अण्णा हसले. म्हणाले, "लांब जातंय मालक. इमानानं."

अण्णांचं नाव गणपती. पण ते नाव गावात कुणी घेतलेलं मला आठवत नाही. शाळेतले कन्नडचे सर मला 'कम्मार' म्हणून उठवायचे. कम्मार म्हणजे कन्नडमध्ये लोहारच. गावात राहिलेल्यांना यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले ते म्हणतील की हे विसरायलाच तर आपण बाहेर पडलो. मीही तेच म्हणायचो. गाडीत बसलो तेव्हा मला वाईट वाटलं, पण त्यात सुटल्याचं सुखही होतं, आणि ते सुख जास्त होतं.

उत्तर फ्रान्समधलं लील हे शहर मला पहिले काही महिने नुसतं राखाडी वाटत होतं. कॉम्प्युटरचं शिक्षण, भाड्याची खोली, पावासोबत खायला आईने बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी. तिथल्या इमारतींच्या दारावर घंटीशेजारी आडनावं लिहिलेली असतात. त्यात एक आडनाव मला सारखं दिसायला लागलं. लफेव्र. आमच्या इमारतीत लफेव्र, दात काढणारा लफेव्र, बेकरीवाली लफेव्र, पुढे नोकरी लागली तर साहेबही लफेव्र. आपल्या भागात जसे पाटील, तसे तिथे हे. दगड भिरकावला तर कुठल्या तरी लफेव्रच्याच डोक्यात पडायचा. त्याच्या स्पेलिंगमध्ये एक 'ब' आहे, तो लिहितात पण उच्चारत नाहीत. एकदा सहज मी साहेबांना विचारलं की या नावाचा काही अर्थ आहे का. त्यांनी खांदे उडवले. म्हणाले, असेल काहीतरी, जुनं आहे.

अर्थ मी लायब्ररीत शोधला. लॅटिनमध्ये कारागिराला 'फाबेर' म्हणत, त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये लोहाराला 'फेव्र' म्हणायला लागले. तो न बोलला जाणारा 'ब' नंतर लेखनिकांनी घुसवला, आपल्याला लॅटिन येतं हे दाखवायला. दक्षिणेकडे त्याच शब्दाचे फाब्र आणि फोर झाले. आणि हे लोक एवढे का, याचं कारण वाचून मला आमचंच गाव दिसलं. गावात शेतकरी भरपूर, त्यामुळे 'शेतकरी' म्हणून कुणाची ओळख पटायची नाही. पण लोहार गावात एकच. ज्याँ नावाचे दहा असले तरी हा कोणता, तर लोहार ज्याँ. गावागावातून तो एकेक लोहार जमा झाला आणि त्यांचा हा एवढा गोतावळा उभा राहिला. त्या दिवशी मी आनंदाने खुळा झालो होतो. रस्त्यातून चालताना प्रत्येक पाटीकडे बघून वाटायचं, हे सगळे आपलेच भाऊबंद.

मग क्लेर भेटली. तीही लफेव्र. लग्नाचं घरी कळवायची मला धास्ती होती. नुसती परजातीची नाही, थेट परदेशातली सून. फोनवर आईने रडायला सुरुवात केली तेव्हा मी अण्णांना म्हणालो, "अण्णा, तिच्या आडनावाचा अर्थ लोहार." मग अण्णा म्हणाले, "खरं सांगतोस?" मी म्हटलं, खरं. "मग रडतीस कशाला," ते आईला म्हणाले, "आपल्यातच पडलाय की त्यो."

अण्णांनी सगळ्या भावकीत सांगितलं की सून बाहेरची आहे, पण लोहाराची आहे. लोकांनी मान डोलावली. आमच्याकडे नवी सून उंबरा ओलांडून आली की देवाच्या आधी भट्टीपाशी जाते आणि भात्याला हात लावते, कारण लोहाराच्या घरात नवरा ठोकतो आणि बायको भाता ओढते, त्याशिवाय चूल पेटत नाही. क्लेर आली तेव्हा आईने तिचा हात धरून भात्याच्या दोरीवर ठेवला. क्लेरने चांगले सात-आठ हिसके दिले, निखारे फुलले, तिच्या गालावर काजळी उडाली. अण्णांचा चेहरा तसा खुललेला मी त्यानंतर कधी पाहिला नाही. त्यांनी मला विचारलं, "त्येंच्यात भाता कातड्याचा, का पंख्याचा?"

मी सरळ सांगितलं, "अण्णा, तिचे वडील पोस्टात होते. आजोबाही पोस्टातच. भट्टी कुणीच बघितलेली नाही."

"आसूदे," अण्णा म्हणाले. "नोकरी काय कुणी बी करतंय. हाड कुठं बदलतंय?"

त्यांनी व्याह्यांसाठी एक सांडशी घडवली. तापलेलं लोखंड धरायची, लांब दांड्याची, जबड्याला नक्षी काढलेली. लोहाराने लोहाराला द्यायची भेट. ती सामानात घालून आम्ही लीलला नेली. माझे सासरे म्हणजे भला माणूस. त्यांना फार आनंद झाला. तिचा अर्थ मी समजावला, त्यांच्या नावाचा अर्थही सांगितला. "हो का," ते म्हणाले, "शाळेत सांगितलं होतं बहुतेक." उन्हाळ्यात बागेत मांस भाजताना ते आवडीने तीच सांडशी वापरायचे. अण्णांना मी सांगितलं की व्याही सांडशी वापरतात. ते खोटं नव्हतं.

आमची मुलगी रेवा जन्मली तेव्हा क्लेर म्हणाली, नाव तुझं लावू, माझं काय, पावलोपावली आहे. रेवा लोहार. फ्रेंच लोक 'ह' गिळतात, म्हणून बालवाडीत ती रेवा लोआर झाली, पण लिहिताना 'ह' होता. तिला मी लहानपणापासून झोपताना हीच गोष्ट सांगायचो, की तुझ्या बाबांचं नाव आणि आईचं नाव एकच आहे, दोन गावांत दोन लोहार होते आणि तू दोघांची. तिला ती इतकी आवडायची की शाळेत सांगून यायची.

इकडे गावात उलटं वारं होतं. आई गेली, भाता ओढायला कुणी राहिलं नाही, ट्रॅक्टर आले, फाळ शोरूममधून यायला लागले. तंबाखूच्या दिवसांत विळे आणि खुरपी तेवढी भट्टीवर यायची, मग तीही तयार मिळायला लागली. माझ्या धाकट्या भावाने, सदाने, भट्टीच्या जागी वेल्डिंगचं वर्कशॉप टाकलं आणि पाटी लावली, 'पोवार फॅब्रिकेशन'. आमचं कूळ पोवार, ते खरं. पण पोरांच्या शाळेतही त्याने पोवारच लावलं. मी फोनवर चिडलो तर सदा म्हणाला, "तुला काय जातंय रं? तू तिकडं बसलास. हितं माझं पोरगं धा वर्साचं, त्याला बी 'ए लोहारा' म्हनत्यात. माझ्या बापाला म्हनत्यात, मला म्हनत्यात, आता त्याला बी म्हनायचं?" निपाणीच्या स्टँडवर ते 'काय लोहारा' ऐकायला मीही होतो.

अण्णांनी सदाला अडवलं नाही. त्यांनी मला फोनवर फक्त एवढं विचारलं, "रेवा लगीन झाल्यावर बी आपलंच नाव ठिवील न्हवं?" मी छाती फुगवून सांगितलं की अण्णा, इथल्या कायद्यात बाईचं जन्माचं नाव शेवटपर्यंत राहतं, लग्नाने बदलत नाही. "मग झालं," अण्णा म्हणाले. "सदाचं जाऊदे. तिकडं तरी ऱ्हाईल." त्यानंतर दर फोनला ते आधी रेवाचं पूर्ण नाव घ्यायचे. रेवा इलास लोहार, इलास म्हणजे मी. मग तब्येतीचं विचारायचे.

रेवा एकोणीसची झाली. कॉलेजात काही महिने एखाद्या कंपनीत उमेदवारी करावी लागते, तिथे त्याला 'स्टाज' म्हणतात. तिने कितीतरी अर्ज केले. उत्तर नाही. तिच्यापेक्षा कमी मार्कांच्या, पण फ्रेंच आडनावाच्या मैत्रिणीला जागा मिळाली. कुणी तोंडावर काही बोलत नाही तिथे, फार सभ्य लोक. एकाने मुलाखतीला बोलावून पहिलं विचारलं, की तुम्ही मूळच्या कुठल्या. ती म्हणाली, लीलची. तो म्हणाला, नाही, तसं नाही, मूळच्या.

तिकडे आता कायदा आहे. सज्ञान झालेल्याला नगरपालिकेत जाऊन, कारण न देता, आई-बापातल्या दुसऱ्याचं आडनाव घेता येतं. रविवारी जेवताना तिने सांगितलं की आपण तसं केलं आहे. क्लेर रडली. माझ्या हातातला घास हातातच राहिला. रेवाने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि फ्रेंचमध्ये म्हणाली, "बाबा, अर्थ तर तोच आहे. तूच सांगायचास."

तिच्यावर मी रागावलेला नाही. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. माझ्यापेक्षा तिला जगायचं जास्त आहे. पण तेव्हापासून मी त्या शहरात चालताना पाट्यांकडे बघत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की या लोकांनी लोहाराचं नाव सांभाळलं. त्यांनी काही सांभाळलेलं नाही. फेव्र हा शब्द त्यांच्या भाषेतूनच गेला, आज लोहाराला ते दुसरंच काहीतरी म्हणतात. त्या नावात आता लोखंड नाही, काजळी नाही, पंगतीत मागे बसवलेला माणूस नाही. म्हणून ते कुणाला बोचत नाही आणि म्हणून ते टिकलं. आमचं नाव गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणून सदाने टाकलं. आणि लीलमध्ये ते कुणालाच कळत नाही, म्हणून रेवाने. दोन्हीकडून आम्हीच गेलो. यातून वाट कुठे निघते ते मला दिसत नाही, आणि दिसते असं म्हणून मला कुणाचं समाधान करायचं नाही.

यंदा मी गावी गेलो. फोनवर सांगायचं धाडस झालं नव्हतं. अण्णांना आता डोळ्यांनी फार दिसत नाही. वर्कशॉपच्या बाहेर पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून ते दिवसभर बसतात. आत सदाचा कामगार गेटचे गज कापत होता. तो जेवायला गेला आणि कटर थांबला तेव्हा मी सांगून टाकलं. रेवाने आडनाव बदललं, क्लेरचं लावलं.

अण्णा बराच वेळ हाताने मांडी चोळत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी लोहारच की."

"व्हय," मी म्हणालो.

"तिला ठावं हाय न्हवं, अर्थ?"

"तिला ठावं हाय."

"आनि तिच्या पोरांस्नी कोन सांगंल?"

त्यांना मी दिसत नव्हतो, पण गप्प बसलेलं त्यांना कळतं. त्यांनी हात पुढे केला, चाचपत माझा गुडघा शोधला आणि त्यावर ठेवला. हात अजून जड आहे. "म्हंजी आता तू आनि मी," ते म्हणाले. लोहार नाव लावणारे मोजायला बोटंही लागू नयेत इतकेच उरलेत, अशा सुरात.

लीलमध्ये मला लोक विचारतात की तुझं घर कुठलं, आणि मी सवयीने निपाणीजवळचं सांगतो. नकाशात ते गाव आहे, हायवेवरून गाड्या थांबतात, सदाचं वर्कशॉप चालतं, पोरं शाळेत जातात. पण मी ज्या गावचा आहे तिथे आता दोनच माणसं राहतात. त्यातलं एक पत्र्याच्या सावलीत खुर्चीवर बसलेलं असतं. ते गेलं की तिथे मी एकटा.